कागदी परीक्षेकडून संगणकाधारित मूल्यमापनाकडे: एका विभागाचा अनुभव

पदवी आणि पदव्युत्तर वर्गांना संख्याशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या विभागाने लेखी परीक्षांचा मोठा भाग संगणकावर घेण्याचे ठरवले, तेव्हा निकाल लवकर लागावेत हे त्याचे कारण सांगितले गेले होते. विद्यार्थिसंख्या वाढली होती आणि तपासलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्याच्या हाती पडेपर्यंत पुढचे सत्र सुरू झालेले असे, त्यामुळे त्या कारणात तथ्य होते. परंतु हा बदल अमलात आणणाऱ्या छोट्या गटात काम करताना माझे असे ठाम मत झाले की, निकालाची गती हा यातला सर्वांत दुय्यम लाभ आहे. प्रत्येक प्रश्न नेमके काय मोजण्यासाठी आहे हे परीक्षेपूर्वी लिहून ठेवावे लागते आणि त्याने ते मोजले की नाही हे परीक्षेनंतर तपासता येते, हा खरा लाभ आहे. त्यासाठी शिक्षकांना जो वेळ पूर्वी उत्तरपत्रिका तपासण्यात द्यावा लागत असे, तो आता प्रश्न तयार करण्यात, म्हणजे परीक्षेच्या आधीच, द्यावा लागतो. आणि सुरुवातीच्या काळात तो पूर्वीपेक्षा अधिकच लागतो.

पहिल्या बैठकांमध्ये काही ज्येष्ठ सहकाऱ्यांनी घेतलेला आक्षेप गंभीर होता. अनुभवी परीक्षक विद्यार्थ्याची समज वाचू शकतो, यंत्र केवळ उत्तर जुळवते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर चर्चा करताना डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड एलियट यांनी १९१२ आणि १९१३ मध्ये केलेल्या अभ्यासाची आठवण काढली गेली. त्यांनी एकाच उत्तरपत्रिकेच्या प्रती अनेक शाळांतील शिक्षकांकडे तपासायला पाठवल्या होत्या. भूमितीच्या एकाच उत्तरपत्रिकेला १०० पैकी ३० पेक्षा कमी आणि ९० पेक्षा जास्त असे दोन्ही टोकांचे गुण मिळाले. गणितासारख्या विषयातही माणसाचे गुणदान इतके हलते, हे कळल्यावर चर्चेचा रोख बदलला. यंत्र विरुद्ध माणूस असा प्रश्न उरला नाही. कोणत्या प्रकारच्या उत्तराला कोणती तपासणी न्याय देईल, हा प्रश्न पुढे आला आणि तोच शेवटपर्यंत कामाचा ठरला.

संगणकप्रणालीची निवड तुलनेने लवकर झाली. खरा वेळ गेला तो संविधान तक्त्याला, म्हणजे कोणता प्रश्न काय मोजतो हे दाखवणाऱ्या तक्त्याला. प्रत्येक अभ्यासक्रमाच्या अध्ययन निष्पत्ती (विद्यार्थ्याला शेवटी काय येायला हवे ते) एका बाजूला आणि बेंजामिन ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या, पुढे २००१ मध्ये सुधारलेल्या बोधात्मक पातळ्या, म्हणजे स्मरणापासून वर चढत जाणाऱ्या विचाराच्या पायऱ्या, दुसऱ्या बाजूला ठेवून आम्ही आधीच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांतील एकेक प्रश्न त्या चौकटीत बसवला. स्मरण आणि उपयोजन यांच्या चौकटी भरून गेल्या. विश्लेषण आणि मूल्यनिर्णय यांच्या चौकटी बऱ्याच ठिकाणी रिकाम्या राहिल्या. दिलेल्या संख्या सूत्रात घालून उत्तर काढणे हेच आमच्या परीक्षेचे मुख्य स्वरूप होते, मग अभ्यासक्रमाच्या उद्दिष्टांत काहीही लिहिलेले असो. हे चित्र समोर आले नसते, तर आम्ही तेच प्रश्न कागदावरून उचलून पडद्यावर ठेवले असते आणि बदल झाला असे मानले असते. माझ्या मते कोणत्याही विभागाने यंत्रणा विकत घेण्यापूर्वी हा तक्ता तयार केला पाहिजे.

त्यानंतर प्रश्नपेढीचे काम सुरू झाले. बहुपर्यायी प्रश्नाविषयी विद्यापीठीय शिक्षकांच्या मनात एक प्रकारचा अनादर असतो, पण चांगला बहुपर्यायी प्रश्न लिहिणे किती अवघड आहे हे तो लिहायला बसल्यावरच कळते. बरोबर उत्तर सुचणे सोपे असते. अडचण विकर्षकांची, म्हणजे चुकीच्या पण खऱ्या वाटणाऱ्या पर्यायांची, असते. कोणीही निवडणार नाही असा चुकीचा पर्याय केवळ जागा अडवतो आणि अंदाजाने उत्तर देणाऱ्याचे काम सोपे करतो. म्हणून आम्ही विकर्षक मनाने रचण्याऐवजी जुन्या उत्तरपत्रिका पुन्हा उघडल्या आणि विद्यार्थी प्रत्यक्षात कुठे चुकतात याची नोंद केली. नमुन्याचे प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) काढताना निरीक्षणांच्या संख्येतून १ वजा न करणे, प्रचरणालाच प्रमाण विचलन समजून वर्गमूळ न काढणे, पी-मूल्य म्हणजे शून्य परिकल्पना (फरक वा परिणाम नाही हे गृहीतक) खरी असण्याची संभाव्यता असे समजणे (प्रत्यक्षात ती परिकल्पना खरी धरल्यास इतका किंवा याहून टोकाचा निकाल मिळण्याची ती संभाव्यता असते), सहसंबंध दिसला की कार्यकारणसंबंध गृहीत धरणे, या चुका वर्षानुवर्षे त्याच स्वरूपात येत होत्या. अशा चुकांमधून घडवलेला विकर्षक निवडला गेला, तर विद्यार्थ्याची कोणती समजूत दुरुस्त करायची आहे हे त्या निवडीतूनच कळते.

पर्याय किती असावेत यावरही बराच विचार झाला. चार किंवा पाच पर्यायांची सवय सर्वांना होती. मायकेल रॉड्रिग्ज यांनी २००५ मध्ये सुमारे ८० वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेऊन बहुतेक वेळा तीन पर्याय पुरेसे ठरतात असा निष्कर्ष काढला आहे, आणि आमच्या प्रश्नपेढीतही चौथा पर्याय बहुधा ओढूनताणून आणलेलाच असे. जिथे तीन खऱ्या चुका सापडल्या तिथे चार पर्याय ठेवले, जिथे दोनच सापडल्या तिथे तीनवर थांबलो.

संख्यात्मक उत्तरांचे प्रश्न वरवर पाहता यंत्राला सर्वांत सोपे वाटतात, पण सर्वाधिक वाद त्यांनीच निर्माण केले. एक विद्यार्थी मधल्या पायरीवर दोन दशांश स्थळांपर्यंत संख्या पूर्णांकित करतो, दुसरा शेवटपर्यंत सर्व स्थळे ठेवतो; दोघांची रीत बरोबर असूनही अंतिम उत्तरे वेगळी येतात. कागदावर परीक्षक हे नजरेने सांभाळून घेत असे. यंत्राला मात्र किती फरक मान्य करायचा ते आधी सांगावे लागते, आणि तो इतका सैल ठेवून चालत नाही की एखाद्या सर्वपरिचित चुकीचे उत्तरही त्यात सामावले जाईल. निरीक्षणे बरीच असतील, तर १ वजा करून काढलेले आणि न करता काढलेले प्रमाण विचलन एकमेकांच्या इतके जवळ येते की सैल मर्यादेत दोन्ही बरोबर ठरतात. म्हणून त्या संकल्पनेची कसोटी घेणाऱ्या प्रश्नात निरीक्षणे मुद्दाम कमी ठेवावी लागली. पहिल्या उपप्रश्नातली चूक दुसऱ्या उपप्रश्नात पुढे जाते तेव्हाही असाच पेच येतो. तिथे दुसऱ्या उपप्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्याने स्वतः पहिल्यात लिहिलेल्या संख्येवरून पडताळून पाहण्याची सोय केली, जेणेकरून एका चुकीची शिक्षा दोनदा होऊ नये.

शेजारी बसलेल्यांना वेगवेगळ्या संख्या मिळाव्यात म्हणून प्रश्नातील संख्या यंत्राने बदलत राहाव्यात, ही कल्पना सर्वांना आवडली होती. चाचणीत मात्र तिचा धोका दिसला. परिकल्पना परीक्षणाच्या एका प्रश्नात काहींच्या वाट्याला आलेल्या सामग्रीचे पी-मूल्य ०.३ च्या आसपास होते, तर काहींचे ०.०४९. पहिल्या गटाला निर्णय सहज घेता येत होता. दुसऱ्या गटातला जो विद्यार्थी मधेच संख्या पूर्णांकित करील तो ०.०५ च्या सीमारेषेच्या पलीकडे जाऊन चुकणार होता. दोघांना एकच प्रश्न मिळाला असे म्हणणे अन्यायाचे ठरले असते. तेव्हापासून परीक्षेच्या क्षणी संख्या निर्माण करण्याची पद्धत आम्ही सोडली. रूपे आधी तयार करायची, प्रत्येक रूप एका सहकाऱ्याने हाताने सोडवून पाहायचे आणि समान काठिण्याची तेवढीच प्रश्नपेढीत ठेवायची, असा नियम केला. गणितासाठी वापरली जाणारी, मॅक्सिमा या बीजगणित प्रणालीवर चालणारी ‘स्टॅक’ ही प्रणालीही शिक्षकाला अशी रूपे आधी तपासून निवडण्याची सोय देते. ती सोय कशासाठी आहे हे या अनुभवानंतर नीट उमजले.

परीक्षेच्या दिवसाची तयारी प्रामुख्याने नियमांची होती. सर्व विद्यार्थी एकाच मिनिटाला लॉगिन करतात तेव्हा सर्व्हरवर सर्वाधिक भार येतो, म्हणून गटागटाने सुरुवात ठरवली. जोडणी तुटली तर लिहिलेले उत्तर टिकले पाहिजे, गेलेला वेळ परत मिळाला पाहिजे, आणि तो किती व कोणी द्यायचा हे पर्यवेक्षकाच्या त्या क्षणीच्या मर्जीवर राहता कामा नये. हे सारे लेखी ठरवून विद्यार्थ्यांना आधी कळवले आणि गुण नसलेली सराव परीक्षा सर्वांना बंधनकारक केली. त्या सराव परीक्षेतून कळलेली एक गोष्ट आमच्या यादीत कुठेच नव्हती: कोष्टक पडद्याच्या वरच्या भागात आणि प्रश्न खाली असल्यामुळे विद्यार्थ्यांना प्रत्येक आकड्यासाठी वर-खाली जावे लागत होते, आणि त्यात जाणारा वेळ व एकाग्रता यांचा संख्याशास्त्राच्या ज्ञानाशी काहीही संबंध नव्हता. कोष्टक आणि प्रश्न शेजारी-शेजारी आले, कच्च्या कामासाठी कोरे कागद दिले, तेव्हा तक्रारी बऱ्याच कमी झाल्या.

दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी केलेल्या कामाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण अनेक ठिकाणी ते शेवटच्या क्षणी आठवते. स्क्रीन रीडर मजकूर वाचून दाखवतो, पण चित्र म्हणून चिकटवलेले सूत्र त्याला वाचता येत नाही. म्हणून सर्व सूत्रे मॅथएमएल या, गणिती चिन्हे मजकूर म्हणून नोंदवणाऱ्या, स्वरूपात पुन्हा लिहावी लागली. आलेखांचा प्रश्न त्याहून नाजूक होता. आयतालेख पाहून वितरण कोणत्या बाजूला झुकले आहे ते सांगा, असा प्रश्न असेल आणि आलेखाच्या पर्यायी वर्णनात ‘उजवीकडे झुकलेले वितरण’ असे लिहिले, तर उत्तरच हाती दिले जाते. काहीच लिहिले नाही तर प्रश्न सोडवता येत नाही. प्रत्येक वर्गांतर आणि त्याची वारंवारता क्रमाने सांगायची आणि आकाराविषयीचा निष्कर्ष विद्यार्थ्यावर सोडायचा, असा मार्ग आम्ही काढला. त्या वर्णनाचा मसुदा एका दृष्टिबाधित विद्यार्थ्याने स्वतः तपासून दिला आणि सांगितले की वर्गांतरे बरीच असतील तर ती ऐकून लक्षात ठेवणे हीच वेगळी परीक्षा होते, तेव्हा त्याच माहितीचे कोष्टकही सोबत द्या. ही सूचना इतकी रास्त होती की तेव्हापासून प्रत्येक आलेखासोबत असे कोष्टक जोडले जाते.

परीक्षा झाल्यावर प्रश्नांचे विश्लेषण हाती आले आणि माझ्या दृष्टीने सर्व श्रमांचे चीज झाले. काठिण्यमूल्य म्हणजे किती विद्यार्थ्यांनी प्रश्न बरोबर सोडवला याचे प्रमाण. भेदनमूल्य म्हणजे एकूण परीक्षेत वरच्या आणि खालच्या गटांत आलेल्या विद्यार्थ्यांच्या यशात त्या प्रश्नावर किती फरक पडला याचे माप. हे गट प्रत्येकी २७ टक्क्यांचे घेण्याचा प्रघात ट्रूमन केली यांच्या १९३९ मधील लेखनापासून चालत आला आहे. कागदी परीक्षेतही हे काढता येतेच, पण हजारो उत्तरांची नोंद हाताने कोण करणार, म्हणून ते कधी काढले जात नसे.

नमुन्याचा आकार ३० आहे, तर नमुना-मध्यांचे वितरण प्रसामान्य (घंटेच्या आकाराचे) मानता येईल का, अशा आशयाचा एक प्रश्न सराव परीक्षेत होता. उत्तरसूचीत ‘होय’ हे उत्तर होते. त्या प्रश्नाचे भेदनमूल्य ऋण आले. म्हणजे एकूण परीक्षेत उत्तम गुण मिळवणारे त्यावर अधिक प्रमाणात चुकलेले दिसत होते. त्यांनी ‘मूळ वितरणाविषयी अधिक माहिती हवी’ हा पर्याय निवडला होता, आणि विचार केला तर तेच बरोबर होते, कारण मूळ वितरण फार असममित असेल तर ३० हा आकार पुरेसा ठरेलच असे नाही. पाठ्यपुस्तकी ठोकताळा घोकणाऱ्याला गुण देणारा आणि केंद्रीय सीमा प्रमेय (नमुना मोठा होत जाईल तसे नमुना-मध्यांचे वितरण प्रसामान्याच्या जवळ जाते हे सांगणारे) खरोखर समजलेल्याचे गुण कापणारा असा हा प्रश्न किती वर्षे कागदावर विचारला गेला असेल, याचा विचार माझ्या मनातून अजूनही जात नाही.

असा सदोष प्रश्न प्रत्यक्ष परीक्षेत आढळला तर काय करायचे, हेही आधीच ठरवले. प्रश्न वगळला तर ज्यांनी तो बरोबर सोडवला त्यांचे नुकसान होते. सर्वांना गुण दिले तर सर्वांचे गुण वाढतात, पण कोणाचे कमी होत नाहीत. आम्ही दुसरा मार्ग निवडला. विश्लेषणाचे आकडे मात्र आंधळेपणाने वापरू नयेत. वर्ग लहान असेल तर दोन-चार विद्यार्थ्यांमुळे भेदनमूल्य बरेच हलते. शिवाय जो प्रश्न सर्वांनीच बरोबर सोडवला त्याचे भेदनमूल्य शून्य येते, तरीही तो मूलभूत संकल्पनेवर असेल तर तो परीक्षेत राहिलाच पाहिजे. विद्यार्थ्याने कोणत्या प्रश्नावर किती सेकंद घालवले हीसुद्धा माहिती यंत्र देत होते. तिच्यावरून कोणाविषयीही अनुमान काढायचे नाही, असे ठरवून ती आम्ही बाजूला ठेवली.

दीर्घोत्तरी प्रश्न माणसांनीच तपासायचे, फक्त पडद्यावर, हा निर्णय सर्वानुमते झाला. निबंधवजा उत्तरांना संगणकाकडून गुण देण्याचे प्रयत्न एलिस पेज यांच्या १९६६ च्या कामापासून सुरू आहेत. तरीही युक्तिवादाची साखळी कुठे तुटली हे विद्यार्थ्याला सांगू शकणारा वाचक आम्हाला हवा होता. पडद्यावरील तपासणीने वेगळाच फायदा दिला. विद्यार्थ्याचे नाव दिसत नाही, आणि एका विद्यार्थ्याची पूर्ण उत्तरपत्रिका तपासण्याऐवजी परीक्षक एकाच प्रश्नाची सर्व उत्तरे सलग तपासतो. पहिल्या उत्तराने झालेल्या चांगल्या वा वाईट मताची छाया पुढच्या उत्तरांवर पडते, हा एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये व्यक्तींच्या मूल्यांकनात दाखवलेल्या प्रकारचा परिणाम त्यामुळे बराच आटोक्यात येतो. मधूनमधून, आधीच एकमताने गुण ठरवलेली उत्तरे परीक्षकाला न सांगता त्याच्यासमोर ठेवली जात; त्याचे गुण ठरलेल्या गुणांपासून फार दूर गेले तर थांबून गुणदानाच्या निकषांवर पुन्हा बोलणे होई. काही सहकाऱ्यांना हे प्रथम अविश्वासाचे वाटले, पण निकष ठरवण्याच्या चर्चेत ते स्वतः सहभागी झाल्यावर हा विरोध मावळला.

घरून दिलेल्या परीक्षेत कॅमेऱ्याद्वारे विद्यार्थ्यावर पाळत ठेवण्याच्या पद्धतीला मी विरोध केला आणि तो आजही कायम आहे. मान वळली, खोलीत कोणी आले, प्रकाश कमी पडला, अशा कारणांनी निष्पाप विद्यार्थी संशयित ठरतो आणि निर्दोषत्व सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर येते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाल्यानंतर तर घरी लिहिलेल्या ठरावीक साच्याच्या उत्तराला विद्यार्थ्याच्या स्वतःच्या क्षमतेचा पुरावा मानणेच अवघड झाले. ज्या क्षमता विद्यार्थ्याला मदतीशिवाय दाखवता आल्या पाहिजेत, त्यांची परीक्षा प्रयोगशाळेत पर्यवेक्षकांसमोर आणि परीक्षेपुरते मर्यादित केलेल्या ब्राउझरमध्ये घेतली जाते. प्रकल्प घरी केला जातो, पण त्यावर छोटी तोंडी परीक्षा होते आणि अहवालातला कोणताही निर्णय का घेतला हे विद्यार्थ्याला सांगावे लागते.

सत्रभर चालणाऱ्या आकारिक, म्हणजे शिकतानाच सुधारणेसाठी होणाऱ्या, मूल्यमापनाचा विद्यार्थ्यांवर झालेला परिणाम मला सर्वांत समाधान देणारा वाटतो. पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी १९९८ मध्ये संशोधनाचा आढावा घेऊन वेळेवर मिळणाऱ्या प्रत्याभरणाचे (अभिप्रायाचे) महत्त्व दाखवले होते. पूर्वी ते पटत असूनही मोठ्या वर्गात साधत नव्हते. आता प्रत्येक विकर्षकामागे एक-दोन वाक्यांचे स्पष्टीकरण लिहिलेले असते, त्यामुळे पी-मूल्याचा चुकीचा अर्थ निवडणाऱ्याला केवळ ‘चूक’ असे न दिसता आपली समजूत कुठे घसरली हे त्याच वेळी वाचायला मिळते. शिक्षकालाही पुढच्या तासापूर्वी कळते की वर्गाचा किती भाग त्याच ठिकाणी अडखळला आहे. हे लेखन वेळखाऊ आहे, परंतु एकदा नीट झाले की वर्षानुवर्षे उपयोगी पडते.

सिद्धता आणि सूत्रांची व्युत्पत्ती यांचे प्रश्न आम्ही कागदावरच ठेवले आहेत. गणिती विचार करत असताना चिन्हे टंकित करावी लागली, तर टंकलेखनाचा वेग गुणांवर परिणाम करतो; म्हणून विद्यार्थी हाताने लिहितात, पाने स्कॅन होतात आणि तपासणी पडद्यावर होते. याउलट, सामग्री विश्लेषणाची परीक्षा कागदावर घेणे मला आता अशक्यच वाटते. पूर्वी दहा-बारा आकडे आणि गणकयंत्र देऊन समाश्रयण रेषा (एका चलावरून दुसऱ्याचा अंदाज देणारी रेषा) काढायला सांगितली जाई. आता हजारो नोंदींची फाइल आणि आर ही संख्याशास्त्रीय संगणकप्रणाली दिली जाते. फाइलमध्ये गहाळ नोंदी असतात, एका स्तंभात एकके मिसळलेली असतात, काही निरीक्षणे संशयास्पद असतात. समाश्रयण रेषा यंत्र क्षणात काढते आणि तिला स्वतंत्र गुण नाहीत. गहाळ नोंदींचे काय केले, संशयास्पद निरीक्षण ठेवले की वगळले, अवशेषांचा (प्रत्यक्ष आणि रेषेने सांगितलेल्या मूल्यांतील फरकांचा) आलेख पाहून प्रारूपाविषयी काय ठरवले आणि त्या प्रत्येक निर्णयाचे समर्थन कसे केले, यांना गुण आहेत. आणि पहिल्या संविधान तक्त्यात रिकाम्या राहिलेल्या विश्लेषण व मूल्यनिर्णय यांच्या चौकटीत आज मुख्यतः हेच प्रश्न बसतात.